पहिला कप नव्या माणसाचा

बापू, तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगतोय. सीना नदीच्या काठावर त्या दिवशी तीन दहावे होते आणि आपला नंबर शेवटचा. कावळ्यांची पोटं भरली होती, असं आपलं माझं मत. पण अशा वेळी लोकांना मत नको असतं, कारण हवं असतं. त्यामुळे सगळे पिंडापासून मागे सरकून हात जोडून उभे राहिले आणि तुमची कोणती इच्छा राहिली असेल याचा अंदाज घेऊ लागले. तुमची मुलगी म्हणाली, आईला मी माझ्याकडे नेते. हुसेनभाई म्हणाले, रविवारची बैठक बंद पडू देणार नाही. माझा धाकटा भाऊ संजू डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, ते मला ऐकू आलं नाही. कावळा बाभळीवरून हलला नाही.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांना का बघावंसं वाटलं ते माहीत नाही. मी काय बोलायला हवं होतं ते मात्र मला चांगलं माहीत होतं. मी रुमालाने मान पुसली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आंघोळी उरकून आम्ही गावात परत आलो.

तुम्ही गेलात तेव्हा मी भिंतीपलीकडेच होतो. तुमचं मोटार वायंडिंगचं दुकान आणि माझं मेडिकल, मधे एका विटेची भिंत. दिवसभर तुमचं पुटपुटणं ऐकू यायचं. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. मोटारीत तांब्याची तार भरताना वेढे मोजावे लागतात आणि मोजताना हाक मारली तर बापू ओ देत नाहीत, हे सगळ्या मिरजगावाला ठाऊक होतं. त्या दुपारी आकडे थांबले. मला वाटलं चहा आला असेल. मग संजूने मला हाक मारली, ती नेहमीसारखी नव्हती.

संजू तुमच्या हाताखाली कसा आला, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मी ते चारचौघांत नेहमी जसं सांगत आलो तसं ते नव्हतं, म्हणून पुन्हा सांगतो. तो दारूत बुडाला. बायको लेकराला घेऊन कोल्हारला माहेरी गेली ती गेलीच. नजरेसमोर राहावा म्हणून मी त्याला दुकानात बसवला. चार महिन्यांनी मागच्या फळीवर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, त्या औषधाच्या, ज्यात गुंगी असते आणि जे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. मी गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली मारली. चोर म्हणालो. त्याच्याकडची दुकानाची चावी काढून घेतली. तुम्ही तुमच्या दुकानातून आलात, हाताला वार्निश लागलेलं, आणि त्याला घेऊन गेलात. मला तुमचा राग आला होता. आमच्या घरच्या भांडणात तुम्ही का पडावं, असं वाटलं.

त्या रविवारी तुम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्याच्या पडवीत नेलंत. दवाखाना रविवारी बंद असतो म्हणून तुमच्या दारू सोडलेल्या लोकांना बैठकीसाठी ती पडवी मिळालेली. मी मागोमाग आलो. भाऊ खरंच बैठकीला जातो की आणखी कुठे, ते बघायला. मी पडवीच्या बाहेर, गाय उभी करतात त्या लोखंडी खोड्याला टेकून पेपर वाचत राहायचो आणि कान आत ठेवायचो. तुम्ही दोनतीनदा बोलावलंत. मी म्हणालो, माझं तिथे काय काम, मी थेंबाला शिवलेला माणूस नाही. तुम्ही म्हणालात, “ऱ्हाऊ द्या. चहा तर घ्या.”

खरं सांगतो, सुरुवातीला मला ती बैठक गमतीची वाटायची. मोठी मोठी माणसं सतरंजीवर मांडी घालून बसतात, एकेक जण नाव सांगतो, मी दारुडा म्हणतो आणि आज कितवा दिवस ते सांगतो. कोणी तीनशेवा म्हणतो, कोणी पहिला. आणि चहाची ती रीत. पहिला कप सगळ्यात नव्या माणसाला. त्यानंतर दिवस जसे वाढत जातील तसा क्रम. ज्याचे दिवस सगळ्यात जास्त तो शेवटी चहा घेणार आणि सगळ्यांचे कप हातपंपावर नेऊन विसळणार. आमच्या गावात सोसायटीचा चेअरमन झाला की माणूस स्वतःचा पेला उचलत नाही. तुम्ही दारू सोडून चौदा वर्षं झालेली, आणि दर रविवारी उकिडवे बसून त्या पंपाखाली कप धूत होतात. मी एकदा म्हटलं, बापू, हे काम नव्या पोरांना लावा, त्यांना वळण लागेल. तुम्ही म्हणालात, “नव्याला लाज भरपूर आसती, शेठ. आमची संपत आली म्हनून आमाला हे काम.”

मला ते वाक्य आवडलं होतं. मी ते बऱ्याच जणांना ऐकवलं, त्याचा अर्थ मला स्वतःला लागू पडत नाही असं धरून.

देवावरून आपलं कायम वाजायचं. माझ्या दुकानात सहा तसबिरी, रोज सकाळी उदबत्ती, ताजी फुलं. तुमच्या दुकानात एक कॅलेंडर, तेही खताच्या कंपनीचं. आणि बैठकीत मात्र तुम्ही लोकांना सांगायचात की आपल्या हातून होत नाही ते वरच्याच्या हाती द्या. मी विचारलं, वरचा म्हणजे कोण? तुम्ही म्हणालात, “ते मला कुठं म्हाईत हाय? सकाळी उठलो की वर बघतो आन म्हनतो, आजचा दिवस काढून दे. कोनाला म्हनतो ते न्हाई म्हाईत.” मी हसलो. म्हटलं, ही काय प्रार्थना झाली, हे तर बिनपत्त्याचं पत्र. तुम्ही तारेचं टोक दातात धरलं होतं, ते काढून म्हणालात, “पोचतंय पन.” आणि पुन्हा वेढे मोजायला लागलात.

मग गेल्या आखाडातली ती गोष्ट. तुमच्या मेहुण्याच्या शेतात म्हसोबाला बोकड होता. तुम्ही जेवायला गेला होतात. त्यांच्याकडे म्हसोबाला दारूची धार लागते आणि उरलेली तीर्थ म्हणून देतात, हे तुम्हाला ठाऊक नसावं असं नाही, पण तुमच्या ध्यानात राहिलं नाही. म्हाताऱ्या भगताने तांब्या पुढे केला, तुम्ही जन्मभराच्या सवयीने उजव्या हाताचा पसा केला, आणि तोंडात घेतलं. बस्स, एवढंच. पळीभर. पुढच्या रविवारी पडवीत तुमची पाळी आली तेव्हा सगळे तुमच्या तोंडून पाच हजार कितीतरी असा आकडा ऐकायच्या तयारीत होते. तुम्ही म्हणालात, “मी बापू. मी दारुडा हाय. आज माजा चौथा दिवस.”

मी पेपर खाली ठेवला. मग तुम्ही उठलात, केटलीजवळची जागा सोडली आणि नव्या माणसाच्या जागेवर जाऊन बसलात. पहिला कप तुमच्या हातात आला. हुसेनभाई गवंडी, तुमच्या पाठोपाठचे नऊ वर्षांचे, त्यांना कप विसळायला जावं लागलं आणि ते पंपाशी आमच्याकडे पाठ करून बराच वेळ बसले. आमचा संजू दीड वर्षाचा, म्हणजे तुमच्याहून जुना झाला. त्या दिवशी त्याने कप तसाच खाली ठेवला.

घरी येताना मी तुम्हाला रस्त्यात गाठलं आणि वकिलासारखा भांडलो. तुम्हाला माहीत नव्हतं, मग ते पिणं कसलं? चौदा वर्षं पाण्यात घालायची हौस आहे का? देव तरी हे धरेल का? तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. म्हणालात, “वेढा चुकला की समदं सोडवून पयल्यापासनं भरतोच की मी. मोटार बगत न्हाई का चुकला ते.” मी म्हटलं, बापू, मोटारीचं सोडा, तुमची चूक काय ते सांगा. तेव्हा तुम्ही थांबलात. म्हणालात, “हातावर पडलं तवा म्हाईत नव्हतं, ते खरं हाय. तोंडात गेलं आन कळलं. थुंकायला येळ हुता, शेठ. मी गिळलं.”

मला ते अती वाटलं. त्या रात्री मी बायकोला सांगितलं की या लोकांना स्वतःला टोचून घ्यायची चटक लागते, एक व्यसन सुटतं आणि दुसरं लागतं.

चावीचा वाद आपला अर्धाच राहिला. तुम्ही संजूला तुमच्या दुकानाची चावी तिसऱ्या आठवड्यात दिली होती. दोन वर्षं झाली तरी माझी चावी माझ्या गळ्यातल्या नायलॉनच्या दोरीलाच होती. तुम्ही दर महिन्याला एकदा विषय काढायचात. मी म्हणायचो, मोटारीत पिण्यासारखं काही नसतं बापू, माझ्याकडे फळ्या भरलेल्या आहेत. तुम्ही म्हणायचात की देवावर भरोसा सोपा आहे, देव फळीवरची बाटली काढत नाही. भावावर ठेवायचा म्हणजे खरं. मी विषय बदलायचो. आता तो बदलायला तुम्ही नाही.

जे आपल्यात कधी बोललं गेलं नाही, त्याकडे येतो. यायला मी बराच वेळ लावला, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

संजूने त्या बाटल्या चोरल्या, पण तो कुठे शिकला? माझ्याच काउंटरवर. सकाळी सातला मी दुकान उघडतो. त्या वेळी काही ठरलेली गिऱ्हाइकं येतात. त्यांना खोकला नसतो. ती बोलत नाहीत, मी विचारत नाही, बाटली कागदात गुंडाळून पुढे सरकते. चिठ्ठी मागितली तर पुढच्या दुकानात जातील, मग आपणच का नाही द्यायची, असं मी स्वतःला समजावत आलो. आणि बापू, तुमच्या त्या वाईट दिवसांत तुम्हीही त्या गिऱ्हाइकांतले होतात. रोज दोन बाटल्या. मीच द्यायचो. कधीकधी तुमचा हात इतका कापायचा की झाकण मीच उघडून द्यायचो. पुढे तुम्ही सावरलात, भिंतीपलीकडे वर्षानुवर्षं बसलात, आणि एकदाही त्या दिवसांचं नाव काढलं नाहीत. मी मात्र थेंबाला न शिवलेला माणूस म्हणून नाकाने कांदे सोलत राहिलो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आमच्या घरी आई मला नाही, संजूला ऐकवायची.

दिवाळीनंतर तुमच्या बैठकीत नवनाथ आला, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. लागोपाठ पाच रविवार त्याने पहिला कप घेतला आणि पाचही वेळा पहिला दिवस सांगितला. पाचव्या वेळी तो रडला. तुम्ही त्याच्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि सतरंजीकडे बघत राहिलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. नवनाथ सोमवारी सातला माझ्याकडे येत होता, आणि तुम्ही साडेसहाला तुमचं शटर वर केलेलं असायचं. तुम्ही पाहिलं नसेल हे शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काउंटरवर आलात. मी मनात उत्तरं जुळवली होती, तीनचार होती, एकापेक्षा एक चांगली. तुम्ही तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी मागितलीत. मी दिली. ती खिशात घातलीत, निघालात आणि पायरीवरून मागे न वळता म्हणालात, “थुंकायला येळ असतो, शेठ.”

मी कळलं नाही असं दाखवलं. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत. त्यानंतर चार महिने आपण भिंतीच्या दोन बाजूंना बसलो, पाऊसपाण्याचं बोललो, आणि मी रोज सकाळी गिळत राहिलो. तुम्ही मला रागवायला हवं होतं, असं मला आता वाटतं. मग वाटतं, रागावला असतात तर मी त्या तीनचार उत्तरांतलं एखादं दिलं असतं आणि मोकळा झालो असतो.

तुम्ही गेलात तेव्हा टेबलावर अर्धी भरलेली मोटार होती. शेतकरी दोनदा चौकशी करून गेला, त्याचा कांदा पाण्यावाचून वाळत होता. तुम्ही कितव्या वेढ्यावर होतात ते कोणालाच माहीत नव्हतं. संजूने ती तार एक दिवस नुसती बघितली, आणि मग सगळी सोडवली आणि पहिल्यापासून भरली. पुटपुटताना त्याचा आवाज तुमच्यासारखा येतो. पहिल्यांदा भिंतीतून ऐकला तेव्हा मी गोळ्या मोजत होतो, त्या चुकल्या.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी त्या औषधाचं खोकं नगरच्या होलसेलरच्या गाडीवर परत चढवलं. कावळ्याला घाबरून नव्हे, असं म्हणायला मला आवडलं असतं. शुक्रवारी सातला नवनाथ आला. मी म्हणालो, माल संपलाय. कधी येईल विचारलं तर म्हणालो, दोन दिवसांनी. पन्नाशी उलटलेला माणूस, सहा तसबिरींसमोर उभा, आणि एका थकलेल्या ड्रायव्हरला सरळ नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. तुमच्या लोकांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं, आपल्या एकट्याच्या हातून होत नाही, ते त्या दिवशी मला काउंटरच्या आतल्या बाजूने कळलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती भरपूर होती.

रविवारी मी पडवीच्या आत गेलो. चप्पल काढली, सतरंजीवर बसलो. केटली संजूच्या हातात होती. नवनाथ त्याच्या जागेवर होता. हुसेनभाईंनी विचारलं, नवीन कोण? मी हात वर केला. संजू थांबला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय, आणि त्याच्या तोंडावर ते स्पष्ट दिसलं.

मी नाव सांगितलं. मग म्हणालो, “मी पीत नाही. मी विकत होतो. बापूंना विकलं, नवनाथला विकलं. संजू माझंच बघून शिकला आणि मी त्याला चोर म्हणालो. आज माझा चौथा दिवस. शुक्रवारी नवनाथला माल संपला म्हणालो ते खोटं होतं. माल संपला नव्हता, मी तो परत पाठवला होता.”

नवनाथने मान वर केली नाही. हुसेनभाई सगळ्यांना म्हणतात तेच मला म्हणाले, “बरं झालं आलात.” मला वाटलं होतं कोणीतरी शिव्या देईल, किंवा कोणीतरी मोठं मन दाखवून माफ करेल. दोन्हींपैकी काहीच झालं नाही. संजूने पहिला कप भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. चहा फार गोड होता. तो तसाच करतात तुमच्याकडे, हे मला दोन वर्षं बाहेरच्या कपातून कळलं नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी जास्त लागला.

घरी येताना मी गळ्यातली दोरी काढून संजूच्या हातात दिली. तुम्ही जिंकलात असं समजू नका. तुम्ही सांगत होतात की मी त्याच्यावर भरोसा ठेवावा. मी चावी दिली ती माझ्यावर भरोसा उरला नाही म्हणून. सातची गिऱ्हाइकं माझ्याकडे मागतील आणि मी कधीतरी देईन. संजूकडे ती मागणार नाहीत. त्याने ती मुठीत धरली. म्हणाला, “दादा, मलाबी भ्या वाटतं रे.” मी म्हणालो, मग दोघं उघडू.

आज मंगळवार. सातला शटर त्याने वर केलं. नवनाथ आला, आम्हा दोघांना बघून पायरीवरच थांबला. संजू त्याला घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेला. तुमचं दुकान बंद होतं, भिंतीतून काही ऐकू येत नव्हतं. मी उदबत्ती लावायला काडी ओढली आणि तशीच विझवली. बाहेर पायरीवर आलो, तुम्ही मागे न वळता उभे होतात त्या पायरीवर, आणि वर बघितलं. म्हणालो, सहावा आहे, आजचा दिवस काढून दे.

कोणाला म्हणालो ते मलाही माहीत नाही, बापू.